आकड्याचा सातबारा: मटेरियलचा डेटा शोधायचा कुठे आणि पारखायचा कसा

'माइल्ड स्टीलची यील्ड स्ट्रेंथ किती?', म्हणजे किती ताणापुढे ते कायमचं वाकतं, एवढं मोबाइलवर टाकून बघा. एका पानावर २५० मेगापास्कल दिसेल, दुसऱ्यावर ३७०, तिसऱ्यावर २१०. गंमत म्हणजे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. २५० हा आपल्या आयएस २०६२ या स्ट्रक्चरल स्टीलच्या भारतीय मानकातल्या ई२५० ग्रेडचा किमान आकडा. ३७० हा अमेरिकन १०१८ ग्रेडच्या कोल्ड ड्रॉन बारचा, आणि २१० हा १०२० च्या हॉट रोल्ड बारचा. तालुक्याच्या दुकानातून आणलेल्या अँगलला ३७० लावून पाण्याच्या टाकीचा स्टँड काढला, तर कागदावर तो जवळपास दीडपट मजबूत दिसतो. वावरात मात्र तो जेवढा आहे तेवढाच राहतो.

आपल्याकडच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत डेटा न बघताही कामं चालतात, आणि बरीचशी नीट चालतात. ट्रॉली, डवरा, टाकीचा स्टँड यांची मापं वर्षानुवर्षं वापरून ठरलेली असतात. जुन्याची नक्कल करेपर्यंत अंदाज पुरतो. अडतं ते नवीन काही करताना: थ्रेशरला मोठा ट्रॅक्टर जोडायचा, ट्रॉली लांब करायची, सोलर पंपाचं स्ट्रक्चर स्वतः काढायचं. तिथं आकडा लागतो आणि तो कुठून आणायचा हा प्रश्न पडतो. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवाल्या मुलांचीही हीच अडचण.

जमिनीच्या व्यवहारात सातबारा बघितल्याशिवाय कोणी इसार देत नाही. आकड्याचंही तसंच ठेवावं. तो कोणत्या ग्रेडचा, कोणत्या जाडीचा, कोणत्या हीट ट्रीटमेंटनंतरचा, कोणत्या तापमानाला मोजलेला, किमान की सरासरी, आणि सांगतो कोण? एवढं कळत नसेल तर आकडा कितीही छापील असो, हिशोबात घेऊ नये.

पहिली पायरी: काय शोधायचं ते ठरवा

काही गुणधर्म शोधत बसायची गरजच नसते. स्टीलचा इलास्टिक मॉड्युलस (म्हणजे ताठरपणा) २ लाख न्यूटन प्रति चौरस मिमी, घनता ७८५० किलो प्रति घनमीटर, पॉयसन रेशो ०.३, तापमानानं होणारा प्रसरणांक दर अंशाला दहा लाखात १२. हे आयएस ८००:२००७ मध्ये सरळ दिलेले आहेत. साधा अँगल असो की महागडं अलॉय स्टील, हे आकडे फारसे हलत नाहीत.

याचा एक परिणाम पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. शेडची पर्लिन (पत्र्याखालचा आडवा आधार) झोल खात असेल, तर 'भारी स्टील' घालून उपयोग नाही. झोल ठरतो मॉड्युलस आणि सेक्शनच्या आकारावर. ई२५० च्या जागी ई३५० घातलं तरी पर्लिन तेवढीच वाकणार. पैसे घालायचेच तर सेक्शनच्या उंचीत घाला.

यील्ड स्ट्रेंथ, टेन्साइल स्ट्रेंथ (तुटतानाची ताकद), इलाँगेशन (तुटेपर्यंत किती टक्के लांबतं), हार्डनेस (कडकपणा), इम्पॅक्ट (एकदम बसलेला धक्का सोसणं) आणि फटीग (पुन्हा पुन्हा येणारा भार सोसणं) हे मात्र मटेरियलनं काय सोसलंय त्यावर बदलतात. रोलिंग, जाडी, तापवणं, थंड करणं, वेल्डिंग, सगळ्याचा परिणाम होतो. शोधाशोध यांच्यासाठी करायची. ॲल्युमिनियमचं ६०६१ घ्या. मऊ केलेल्या, म्हणजे 'ओ' अवस्थेतल्या पट्टीची यील्ड साधारण ५५ मेगापास्कल असते आणि 'टी६', म्हणजे हीट ट्रीटमेंटनं कडक केलेल्या पट्टीची साधारण २७६. ग्रेड एकच, ताकदीत पाचपट फरक. 'सहा हजार एकसष्ट आहे' एवढ्यावर कोणी हिशोब केला, तर त्यानं काय धरलं ते देवालाच ठाऊक.

दुसरी पायरी: नावाचा घोळ सोडवा

बाजारात चालणारं नाव आणि मानकातलं नाव यांच्यात बरंच अंतर असतं. शाफ्टसाठी सगळे 'ईएन ८' मागतात. ही नावं ब्रिटिश मानक ९७० मधली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. ब्रिटननं पुढे नंबर बदलून त्याला ०८०एम४० म्हटलं, आपण जुनंच नाव धरून बसलो. त्यात आजच्या युरोपियन मानकांच्या नावाची सुरुवातही 'ईएन' नं होते, त्यामुळे नुसतं 'ईएन' शोधलं की भलतेच कागद समोर येतात. शोधताना ०८०एम४० टाका, किंवा अमेरिकन नाव एआयएसआय १०४० टाका. मात्र १०४० हे 'जवळचं' आहे, 'तेच' नाही. इक्विव्हॅलंट ग्रेडचे तक्ते रसायनावर बेतलेले असतात, ताकदीची हमी ते देत नाहीत.

याहून फसवी जोडी एफई ४१० आणि एफई ४१५ ची. दिसायला पाचाचाच फरक. पण स्ट्रक्चरल स्टीलच्या जुन्या नावातलं ४१० म्हणजे टेन्साइल स्ट्रेंथ, तुटतानाची ताकद. त्याची यील्ड फक्त २५०. त्याच्याही आधीचं नाव एसटी ४२ होतं, कारण तेव्हा ताकद ४२ किलो प्रति चौरस मिमी अशी सांगत, ९.८१ नं गुणलं की ४१२ येतात. सळईच्या नावातलं ४१५ मात्र यील्ड आहे. आयएस १७८६ प्रमाणे तिची टेन्साइल किमान ४८५. आता ४१० ऐवजी ई२५० लिहितात, म्हणजे नावात यील्डच आली, पण जुनी पुस्तकं अन् जुने साहेब अजून ४१० म्हणतात. ४१० ला यील्ड समजून अँगलचा हिशोब केलेला प्रोजेक्ट रिपोर्ट दिसला तर नवल वाटू देऊ नका.

बिडाच्या बाबतीत एफजी २०० मधले २०० ही टेन्साइल आहे, पण ती वेगळ्या ओतलेल्या ३० मिमी व्यासाच्या टेस्ट बारची. पुलीचा जाड भाग हळू थंड होतो, तिथली ताकद त्याहून कमी भरते. नावातला आकडा तुमच्या पुलीचा नाही.

तिसरी पायरी: कुठे शोधायचं, कोणाला आधी विचारायचं

माझा क्रम ठरलेला आहे: आधी भारतीय मानक, मग मालाचं सर्टिफिकेट, मग डेटा बुक, आणि वेबसाइट सगळ्यात शेवटी.

भारतीय मानक ब्युरोच्या पोर्टलवर नोंदणी केली की भारतीय मानकांची पीडीएफ फुकट मिळते. हे माहीत नसल्यानं लोक कुठल्या तरी ब्लॉगवरची अर्धी टेबलं कॉपी करतात. मानक इंग्रजीत असलं तरी घाबरायचं काम नाही. आपल्याला त्यातली दोन-तीन टेबलंच लागतात. फक्त टेबलाखालच्या बारीक टिपा सोडू नका. आयएस २०६२ मध्ये ई२५० ची यील्ड २० मिमीच्या आत २५०, २० ते ४० मिमीला २४० आणि ४० च्या वर २३० आहे. नाव ई२५० असलं तरी जाड प्लेटला २५० धरता येत नाही. त्याच ग्रेडमधली ए, बीआर, बी०, सी ही अक्षरं मुख्यतः इम्पॅक्टची: 'बी०' ची चाचणी शून्य अंशाला, 'सी' ची उणे २० ला. विदर्भात उणे २० ची भीती नाही, त्यामुळे 'सी' साठी जास्त पैसे मोजायचं कारण सहसा पडत नाही. सळईत एफई ५०० आणि एफई ५००डी मधला फरकही असाच. यील्ड सारखी, पण साध्या ५०० चं इलाँगेशन किमान १२ टक्के आणि 'डी' चं १६. घर बांधणाऱ्यानं डी घ्यावी, हे माझं स्पष्ट मत आहे.

मानकाची आवृत्ती आणि दुरुस्त्याही बघाव्यात. ग्रंथालयात चाळीस वर्षांपूर्वीची प्रत सापडली तर तिच्यातले आकडे किलो प्रति चौरस सेंमी मध्ये असू शकतात. नजरचुकीनं दहापट फरक पडतो तो इथेच.

मानक किमान काय हवं ते सांगतं. दुकानातून आणलेल्या बारमध्ये प्रत्यक्षात काय आहे, ते मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे स्टीलच्या कारखान्याचा चाचणीचा दाखला सांगतं. आपल्याकडे गाडी अडते ती इथे. काउंटरवरचा संवाद साधारण असा:

"काकाजी, याचं सर्टिफिकेट भेटन का?"

"ईएन आठच हाये बापू. साऱ्या जिल्ह्याले देऊन राह्यलो. कागद काय्ले पाह्यजे तुले?"

काकाजी खोटं बोलत असतीलच असं नाही. त्यांनाही माल तसाच सांगून विकलेला असतो. तरी मागावं, मोठ्या डीलरकडे झेरॉक्स असते. हातात आली की सगळ्यात आधी हीट नंबर, म्हणजे स्टीलच्या ज्या घाणीतून बार निघाला तिचा क्रमांक बघा. तो बारच्या टोकावर पंच केलेला, रंगवलेला किंवा टॅगवर असायला हवा आणि कागदाशी जुळायला हवा. जुळत नसेल तर तो कागद दुसऱ्या कुठल्या तरी बारचा आहे. मग रसायन बघा: ईएन ८ मध्ये कार्बन ०.३६ ते ०.४४ टक्के असतो. मग चाचणीचे आकडे. खऱ्या चाचणीत २८७, ३०२, २९४ असे वेडेवाकडे आकडे येतात. प्रत्येक ओळीत नेमके २५० आणि ४१० लिहिले असतील तर कोणीतरी मानक उघडून उतरवून काढलंय. कागदावर '३.१' असा प्रकार लिहिला असेल तर तो कारखान्याच्या उत्पादन विभागाबाहेरच्या तपासनिसानं सही केलेला, तुमच्याच लॉटचा निकाल. '२.२' असेल तर त्यातले आकडे तुमच्या लॉटचेच असतील असं नाही.

आयएसआय मार्क असलेल्या मालाच्या टॅगवर सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे की संपला ते कळतं. सळई घेताना दुकानातच उभ्या उभ्या हे करावं.

डेटा बुकं तिसऱ्या नंबरवर. कोइंबतूरच्या पीएसजी कॉलेजचं डिझाइन डेटा बुक आपल्या प्रत्येक पॉलिटेक्निकात असतं, परीक्षेतही चालतं. शाफ्ट, गिअर, स्प्रिंग यांचे गुणांक घ्यायला उत्तम. मटेरियलची ताकद मात्र त्यातून घेतली तरी मानकाशी ताडून घ्यावी.

वेबसाइटमध्ये मॅटवेब सगळ्यांत परिचित. फुकट आहे, पसारा प्रचंड आहे, गुणधर्मावरून उलटं शोधता येतं. पण तिथला बराच डेटा उत्पादकांनी दिलेला असतो आणि आकडे बहुधा 'टिपिकल' असतात. टिपिकल म्हणजे नेहमी साधारण मिळणारा; तेवढा मिळेलच याची हमी नाही. वर ६०६१-टी६ ची टिपिकल यील्ड २७६ सांगितली, पण खरेदीच्या मानकात तिची किमान अट २४० च्या आसपास असते. विमानाच्या धंद्यात यावर काटेकोर पद्धत आहे: 'ए-बेसिस' आकडा म्हणजे ९५ टक्के खात्रीनं ९९ टक्के माल ज्याच्या वर असेल असा. ट्रॉलीला इतकं लागत नाही. पण किमान आणि टिपिकल हे दोन शब्द वेगळे ओळखता आलेच पाहिजेत, आणि माणूस ज्याच्याखाली उभा राहणार त्या वस्तूला किमानच धरायचा. मटेरियल्स प्रोजेक्ट ही दुसरी मोठी साइट संगणकावर गणित करून काढलेल्या आदर्श स्फटिकांची आहे. संशोधकांसाठी ती सोन्याची खाण, आपल्या अँगलसाठी बिनकामाची.

एआय चॅटला विचारलं तर तो क्षणात आकडा देतो, तोही मोठ्या आत्मविश्वासानं. त्याच्याकडून आकडा घेऊ नका, पत्ता घ्या: 'हे कोणत्या मानकात, कोणत्या टेबलात आहे?' असं विचारा आणि ते टेबल स्वतः उघडा. टेबल सापडलं नाही तर विषय संपला.

दोन ठिकाणी आकडे जुळले म्हणून ते खरे ठरत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. दहा साइटनी एकाच जागेवरून उतरवलेलं असतं. इलाँगेशनची तुलना करताना गेज लेंथ, म्हणजे नमुन्याच्या किती लांबीवर वाढ मोजली ते बघा. आपल्याकडे ती नमुन्याच्या क्षेत्रफळावरून ठरते, अमेरिकेत बहुधा ५० मिमी, म्हणून एकाच पट्टीचे टक्के वेगळे निघतात. केएसआय हे अमेरिकन एकक दिसलं तर ६.८९५ नं गुणा, मेगापास्कल मिळतात. आणि मेगापास्कल आणि न्यूटन प्रति चौरस मिमी हे एकच.

थ्रेशरच्या शाफ्टवर करून बघू

समजा सोयाबीनच्या थ्रेशरला ५० मिमीचा ईएन ८ शाफ्ट घालायचा आहे. नेटवर ईएन ८ शोधलं की टेन्साइल ७०० ते ८५० आणि यील्ड ४६५ असं ठळक दिसतं. बघून मन खूश होतं. आता सातबारा काढा: हा आकडा 'आर' अवस्थेचा, म्हणजे क्वेंच करून टेंपर केलेल्या (तापवून झटक्यात थंड करून पुन्हा थोडं तापवलेल्या) स्टीलचा, आणि तोही साधारण १९ मिमी जाडीपर्यंतचाच. आपला बार ५० मिमीचा, काळा, दुकानाच्या रॅकवरून थेट लेथवर जाणारा. त्याला फार तर नॉर्मलाइझ्ड (तापवून हवेत थंड होऊ दिलेल्या) अवस्थेचा आकडा लावता येतो: टेन्साइल ५५०, यील्ड २८०.

शाफ्टसाठी शिकवला जाणारा जुना एएसएमई नियम असा: यील्डचे ३० टक्के किंवा टेन्साइलचे १८ टक्के, यातला लहान आकडा शिअरसाठी, म्हणजे पिळानं येणाऱ्या ताणासाठी घ्यायचा, आणि चावीची खाच असेल तर त्यातून २५ टक्के कमी करायचे. आपल्या आकड्यांनी ८४ आणि ९९. लहान ८४, खाचेमुळे ६३ मेगापास्कल. ५० मिमीच्या शाफ्टला नुसत्या पिळाचा टॉर्क झेपतो सुमारे १५४६ न्यूटन-मीटर. नेटवरचे आकडे घातले तर १३९.५ आणि १२६. लहान १२६, खाच वजा जाता ९४.५, आणि टॉर्क निघतो २३१९. फरक दीडपटीचा. ओली काडी अडकून ड्रम जाम झाला की हा फरक कागदावर राहत नाही. प्रत्यक्ष हिशोबात पट्ट्याच्या ओढीचं बेंडिंग आणि धक्क्यांचे गुणांकही धरायचे असतात. इथं फक्त मटेरियलच्या आकड्यानं काय होतं ते दाखवलं.

त्याच सर्टिफिकेटवरचा ०.४ टक्के कार्बन आणखी एक गोष्ट सांगतो: या शाफ्टवर पुली आधी न तापवता वेल्ड करू नका. प्रीहीट न करता मारलेल्या टाक्याशेजारी कडक, ठिसूळ पट्टा तयार होतो आणि शाफ्ट तिथूनच तुटतो.

जिथं टेबल कामाला येत नाही

प्लॅस्टिकचे आकडे साधारण २३ अंशाला मोजलेले असतात. शेतातल्या पीव्हीसी पाइपवर छापलेला दाब आयएस ४९८५ प्रमाणे २७ अंशाच्या पाण्याचा. आपल्याकडे मे महिन्यात हवाच ४५ च्या वर जाते, आणि काळ्या मातीवर उघडा पडलेला पाइप त्याहून तापतो. त्याच मानकात तापमान वाढलं की दाब किती कमी धरायचा ते दिलेलं आहे. पाइप घेताना हे कोणी बघत नाही, आणि मग दोष कंपनीला जातो.

लाकडाचे पुस्तकी आकडे गाठ नसलेल्या, सरळ रेषेच्या छोट्या नमुन्यांचे असतात आणि त्यांत ओलं व १२ टक्के ओलाव्याचं असे दोन प्रकार. बल्लारशाचा सागवान असला तरी तुमच्या तुळईत गाठी आहेत. म्हणून आयएस ८८३ मधले डिझाइनसाठीचे कमी केलेले आकडेच वापरायचे.

काळ्या मातीचं तर टेबल शोधूच नका. दोन शेतांत, दोन खोलींवर ती वेगळी. तिची फुगण्याची चाचणी आयएस २७२० च्या ४० व्या भागात आहे आणि घरी जमते. ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून काढलेली कोरडी माती दहा-दहा ग्रॅम दोन १०० मिलीच्या मोजनळ्यांत घ्या, एकीत पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवा काढा, २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातलं आकारमान रॉकेलातल्यापेक्षा किती टक्के जास्त झालं तो फ्री स्वेल इंडेक्स. ५० च्या वर गेला तर ती माती रस्त्याच्या भरावालासुद्धा चालत नाही. मग पायासाठी माणूस बोलावून रीतसर तपासणी करावी.

आणि कमानपट्टा. ट्रकच्या जुन्या कमानपट्ट्यातून लोहार वखराची पास काढतो, कुऱ्हाड काढतो, आणि ती झकास होते. पण त्या पट्टीनं आधी किती लाख धक्के खाल्ले ते कोणत्याही डेटाबेसात नाही. पात्याला वापरा, भार पेलणाऱ्या हुकाला नको.

कागद नसेल तर मोजा

ग्राइंडरची ठिणगी फुकटची चाचणी आहे. माइल्ड स्टीलच्या ठिणग्या लांब, सरळ, थोड्याच फाटणाऱ्या. कार्बन वाढला की आखूड, दाट फुलोरा येतो. शेजारी ओळखीच्या बारचा तुकडा धरून तुलना करा. माल बदलला आहे का एवढं यातून कळतं, ताकद कळत नाही.

ताकदीचा अंदाज हार्डनेसवरून येतो. ब्रिनेल आकड्याला ३.४५ नं गुणलं की साध्या कार्बन स्टीलची टेन्साइल मेगापास्कलमध्ये जवळपास मिळते; १७० आला तर सुमारे ५८५. ब्रिनेल किंवा रॉकवेलचं मशीन जवळच्या पॉलिटेक्निकात असतं. बिडाला आणि ॲल्युमिनियमला हा गुणक लावू नका.

वाद असेल, माल मोठा असेल किंवा जिवाशी गाठ असेल, तर लॅब. लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त लॅब आणि त्यांचा स्कोप, म्हणजे मान्यता असलेल्या चाचण्यांची यादी दिसते. लॅबला मान्यता आहे एवढं पुरत नाही. आपली चाचणी, म्हणजे स्टीलसाठी आयएस १६०८ ची टेन्साइल, तिच्या स्कोपमध्ये हवी. नागपूरला व्हीएनआयटी आहे, ॲल्युमिनियमसाठी वाडीजवळ जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. आधी फोन करून नमुन्याची लांबी आणि फी विचारून घ्या. नमुना हॅक्सॉनं कापा, गॅस कटरनं नाही. कटरच्या उष्णतेनं टोकाचे गुण बदलतात. त्याच बारचा दुसरा तुकडा हीट नंबर लिहून, सहीची चिठ्ठी चिकटवून आपल्याकडे ठेवा. निकालावर डीलरशी भांडायची वेळ आली तर तोच कामी येतो.

मिळालेला प्रत्येक आकडा वहीत लिहिताना ओळ अशी असावी: 'ईएन ८, काळा बार, ५० मिमी, नॉर्मलाइझ्ड धरला, यील्ड २८० किमान, बीएस ९७०, सर्टिफिकेट नाही, हार्डनेस तपासायचा बाकी.' शेवटचे तीन शब्द लिहायची लाज वाटू देऊ नका, आणि ते खोडल्याशिवाय बार लेथवर चढवू नका.